देव्हाऱ्यातला लिफाफा

खारवाडीच्या ओढ्याकाठी त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सणसरकडून ट्रॉल्या भरून बाया आल्या होत्या, शेळगावचं भजनी मंडळ टाळांसकट हजर होतं, आणि रिकाम्या बाटल्या विकणाऱ्यानं लिंबाची सगळी सावली अडवून दुकान मांडलं होतं. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. निम्मे बोअर आटले होते. अशा दिवसांत गावाच्या खालच्या अंगाला, जिथं परवापरवापर्यंत म्हशी बसायच्या, तिथं जमिनीतून आपोआप पाणी वर येत होतं. भोवती हिरवंगार गवत, पाण्यावर बुडबुडे आणि काठाला पांढरा फेस. त्यावर झेंडूच्या माळा पडल्या होत्या.

मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर गोकुळ महाराज बसले होते. अंगावर भगवी शाल, हातात मोरपिसांचा कुंचा, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती.

"बगा, नीट बगा. बुडबुडा आला का न्हाय? देवी सास घेतीया. आन ह्यो पांढरा फेस? दुधाची धार हाय ती. लोकं गंगेला जात्यात, धक्के खात्यात. हितं गंगा आपल्या पायानं चालत आलीया, तीबी रिझर्वेशन न करता."

लोक हसले आणि हसता हसता हात जोडून मोकळे झाले. हसवणाऱ्या बुवावर लोकांचा विश्वास लवकर बसतो. रागीट बुवाला निदान थोडे दिवस मेहनत करावी लागते.

गर्दीच्या मागं, खांद्यावरची पिशवी जमिनीवर टेकवून, संघपाल उभा होता. वय सत्तावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, निवृत्तीला एक वर्ष बाकी. त्याच्या कामाचं सरकारी नाव लांबलचक होतं. साध्या भाषेत सांगायचं, तर कुणाला संडास बांधायचा असला की त्या जागेची माती सांडपाणी जिरवील की नाही, हे खड्डा खणून सांगायचं. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. बारामती आणि इंदापूरच्या मातीचे त्यानं इतके खड्डे पाहिले होते, की माणसांच्या तोंडांपेक्षा त्याला मातीचे थर जास्त ओळखीचे वाटायचे. माती निदान एकदा सांगितलेलं फिरवत नाही.

मांडवात ऊद जळत होता, कापूर जळत होता, अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे जळत होते. त्या सगळ्या वासांच्या खालून एक वास येत होता. संघपालला तो ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. त्यानं आजूबाजूला पाहिलं. काठाला पाणकणीस वाढलं होतं, लव्हाळा माजला होता, आणि कडेच्या जमिनीवर खार फुटून पांढरी पपडी धरली होती. म्हणजे ही जागा वर्षातले कित्येक महिने ओली राहणारी होती. चढावर, जेमतेम दीडशे पावलांवर, नव्या वसाहतीची चाळीस घरं दिसत होती. त्या घरांकडे बघून तो नुसता "हं" म्हणाला.

सरपंच अविराज लगबगीनं आला. तरुण पोरगा, शिकलेला, बोलायला गोड.

"साहेब, बरं झालं आला. हितं भक्तनिवास बांधायचा ठराव झालाय. वीस खोल्या, वीस संडास. जागा योग्य हाय म्हणून तुमचा एक कागद पाहिजे बगा."

"एक कागद तीन वर्षांपूर्वी दिला होता."

"कुठला?"

"वरच्या वसाहतीचा. चाळीस खड्ड्यांचा. 'अयोग्य' म्हणून."

अविराजनं खरोखरच आठवून पाहिलं. "मी तवा सरपंच न्हवतो, साहेब."

संघपालनं मान हलवली. अहवाल लिहिला तेव्हा जो खुर्चीत असतो, तो अहवाल उघडायच्या वेळी कधीच खुर्चीत नसतो. याची त्याला सवय होती.

दोन माणसं घेऊन त्यानं मांडवापासून तीस पावलांवर खड्डा खणायला लावला. वर चार फूट काळी माती, चिकट, पहारीला धरून बसणारी. तिच्याखाली माती निळसर राखाडी झाली होती आणि तिच्यात गंजाचे ठिपके होते. पाणी मुरून मुरून माती गुदमरते, तेव्हाच ती असा रंग धरते. आणखी फूटभर खाली मुरूम लागला. मुरूम लागताच खड्ड्याच्या तळातून पाणी वर येऊ लागलं, आणि पाव तासात गुडघाभर साचलं.

हे गोकुळ महाराजांनी पाहिलं. बुवा असला तरी डोळा शेतकऱ्याचा होता.

"तितंबी पावली! साहेबांच्या हातानं देवीनं दुसरा झरा फोडला!"

मांडवातली निम्मी गर्दी संघपालच्या खड्ड्याकडे धावली. बाटल्या बुडाल्या, कळशा बुडाल्या. एका म्हातारीनं त्याच्या पहारीला हळद लावली. संघपाल कडेला दगडावर बसला आणि गुडघा चोळत राहिला. एकतीस वर्षांत त्याच्या खड्ड्यावर लोक रुसले होते, भांडले होते, एकदा एकानं बैल सोडले होते. पण खड्ड्याला नारळ फुटायची ही पहिलीच वेळ.

मग तो उठला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आरं, पिऊ नका ते. वरच्या वसाहतीतल्या संडासांचं पाणी हाय ते. मुरमातून खाली येतंय."

टाळ थांबले. महाराज खुर्चीतून न उठता, दुखावलेल्या आवाजात बोलले.

"साहेबांवर रागावू नका. त्यांच्या घरात देव न्हायत. ज्याला आई न्हाय, त्याला दुसऱ्याच्या आईचं काय?"

गर्दीतून दोनतीन माना डोलल्या. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "पणदऱ्याच्या वस्तीतला हाय न्हवं ह्यो. ह्यांना आपला देव खुपायचाच." संघपालला ते ऐकू आलं. असली वाक्यं त्यानं शाळेत ऐकली होती, नोकरीत ऐकली होती, आणि वयानं कान जाड होतात म्हणतात, पण या वाक्यांपुरते ते होत नाहीत. त्याला वाईट वाटलं. त्यानं एका बाटलीत तपासणीसाठी पाणी भरून घेतलं, पिशवी उचलली आणि तो चालू लागला.

पंचायतीच्या भिंतीवर कालव्याच्या आवर्तनाचा तक्ता लावलेला होता. कुठल्या तारखेला पाणी सुटणार, कुठल्या तारखेला बंद होणार. खारवाडीत या तक्त्याइतकं लक्ष देऊन काहीच वाचलं जात नाही. पाळीच्या पाण्यावरून इथं सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत. संघपाल तक्त्यापुढं थोडा वेळ उभा राहिला.

"हा झरा पयल्यांदा कधी दिसला?" त्यानं अविराजला विचारलं.

"मार्चमधी, वीस-एकवीस तारखंला. मग एप्रिलात आटला. महाराज म्हनले, देवी माहेरला गेली, मे महिन्यात परत येणार. आन परवा आली बगा. आता म्हनत्यात, शुक्रवारी मोठं रूप दावणार."

"महाराज आधी काय करायचे?"

"कालव्यावर रोजंदारीला व्हते. दारं उघडायची, बंद करायची. तितंच त्यांना दृष्टांत झाला."

अविराज हे भक्तिभावानं सांगत होता. संघपालनं तक्त्यावर बोट टेकवलं, मग काढून घेतलं. आत्ता बोलून उपयोग नव्हता. बाटली प्रयोगशाळेत पाठवली तर अहवाल यायला आठ दिवस, आणि अहवालाचं पुढं काय होतं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खरं तर तो तिथूनच पणदऱ्याला परतला असता. वीस संडासांच्या जागेवर 'अयोग्य' असा शेरा मारायचा आणि वर्षभरानं घरी बसायचं. पण जाता जाता त्याला वसाहतीच्या कोपऱ्यावरून हाक आली.

"खड्डेवालं सायेब न्हवं का तुमी?"

मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र शाबूत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या परसात त्यानं खड्डा घेतला होता. तेव्हा त्यांनी घरातल्याच कपात चहा दिला होता आणि कप विसळताना शेजारणीकडे पाहिलंही नव्हतं. अशी माणसं संघपालच्या लक्षात राहत.

आत नात होती, सोनम. आठवा महिना. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. लेक येणार म्हणून तिच्या बापानं, मानसिंगनं, घराला लागून नवा पक्का संडास बांधून घेतला होता. पोरीला शेताकडं जावं लागू नये, एवढीच त्याची इच्छा. सोनम भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुकलेलं.

"अन्नावरची वासनाच उडाली पोरीची," मुक्ताबाई म्हणाल्या. "चार दिस ताप बी व्हता. सकाळ-संध्याकाळ तीर्थ तर देतीया. मार्चपासनं एक दिस चुकवला न्हाय. फुलपात्रभर. झरा आटला तवा भरून ठेवलेल्या कळशीतलं दिलं."

मुक्ताबाईंनी दिलेला चहा संघपालनं खाली ठेवला. त्याची मुलगी अंजली बारामतीत डॉक्टर होती. त्यानं बाहेर जाऊन तिला फोन लावला. तिनं कितवा महिना ते विचारलं आणि म्हणाली, "बाबा, घाण पाण्यातून होणारी कावीळ इतरांना आठ-पंधरा दिवस झोपवते. गरोदर बाईच्या जिवावर बेतते. तिला लगेच घेऊन या."

तो आत आला आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं.

"पोटुशी बाईला उलटी व्हतीच, सायेब. आन तीर्थ बाधतं असं कुठं ऐकलं न्हाय. मानसिंग शुक्रवारपातूर साताऱ्याला गेलाय. तो आल्याबिगर मी पोरीला दवाखान्यात कशी न्हेऊ?"

"मावशी, ते तीर्थ न्हाय."

"तुमी म्हणताय. महाराज न्हाय म्हणत्यात. म्या अडाणी बाईनं कुणाचं ऐकायचं?"

प्रश्न सरळ होता आणि त्यात खोच नव्हती. संघपाल त्या रात्री घरी गेला तरी प्रश्न त्याच्याबरोबर गेला. खरंच, तिनं कुणाचं ऐकायचं? दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, दोघंही ठामपणे. एकाच्या अंगावर शाल आहे आणि दुसऱ्याच्या पायाला चिखल.

मंगळवारी सकाळी तो परत आला. पिशवीत विहिरींची गळती शोधायची रंगाची पुडी होती. विटकरी दिसणारी पूड, पाण्यात पडली की पोपटी हिरवी होणारी. त्यानं मुक्ताबाईंच्या हातात एक बंद लिफाफा दिला.

"मावशी, ह्यो तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. कुणाला दावू नका, उघडू नका. ओढ्याच्या पाण्यात काही नवीन दिसलं, तर सगळ्यांपुढं फोडा. शनिवारपर्यंत काही दिसलं न्हाय, तर माझं खोटं. मी समद्या गावापुढं तांब्याभर तीर्थ पिईन. तवर पोरीला ते पाजू नका. पाणी उकळून द्या."

मुक्ताबाईंनी लिफाफा उलटसुलट केला. "मंतर हाय का आत?"

"न्हाय. नुसतं गणित."

त्यांनी तो खंडोबाच्या टाकाखाली सरकवला. "शनिवारपातूर थांबते. तेवढ्यानं देवी रुसायची न्हाय."

निघताना संघपाल जरा अवघडून म्हणाला, "मावशी, तुमचा संडास वापरू का?"

"वापरा की. त्यासाठीच बांधलाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस संघपालला धड जेवण गेलं नाही. उतार त्यानं मोजला होता, अंतर मोजलं होतं, मुरमातून पाणी कसं पळतं हे त्याला ठाऊक होतं. पण जमिनीच्या पोटात एखादा खडक आडवा असला तर? रंग आठ दिवसांनी आला तर? आलाच नाही तर? बुवाला चुकायची मुभा असते, त्याचं भाकीत चुकलं की भक्ताचं पाप निघतं. संघपालचं चुकलं असतं तर ती पोर पुन्हा फुलपात्र तोंडाला लावणार होती. तो रोज मुक्ताबाईंच्या दारात जाऊन दवाखान्याचं बोलायचा. रोज एकच उत्तर मिळायचं, मानसिंग येऊ द्या. गुरुवारी अंजली स्वतः येऊन गेली. मुक्ताबाईंनी तिच्या ओटीत खोबरं घातलं, पण सोनमला हलवलं नाही. ताप उतरला होता, मग घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शुक्रवारी सकाळी ओढ्याकाठी आरोळी उठली. पाणी हिरवं झालं होतं. थोडंथोडकं नव्हे, पोपटाच्या पंखासारखं लख्ख हिरवं.

संघपाल पोचला तेव्हा मांडवात रेटारेटी चालली होती. त्याला गोकुळ महाराजांचा चेहरा दिसला. महाराज दचकले होते. शुक्रवारी पाणी वाढणार हे त्यांना माहीत होतं, रंगाचं काही माहीत नव्हतं. पण मुरलेला माणूस. कुंचा एकदा हवेत फिरेपर्यंत त्यांना सापडलं.

"म्हनलं न्हवतं का, मोठं रूप दावंल? देवीनं हिरवी साडी नेसली! हिरवा रंग कुणाचा? सवाशिणीचा. भरल्या ओटीचा. गावात पोटुशी हाय का कोण? तिला पयला मान. आणा तिला फुडं."

सोनमला आणलं. दोन बायांनी तिला धरलं होतं. रात्रीच तिचे डोळे पिवळे झाले होते, हाताचे तळवेसुद्धा. मानसिंग सकाळीच घरी पोचला होता आणि काय करावं ते न सुचून मागं उभा होता.

"बगा, बगा," महाराज म्हणाले. "देवीची हळद चढलीया लेकराला. आता काळजी न्हाय." त्यांनी हिरव्या पाण्यानं फुलपात्र भरलं आणि सोनमच्या हातात दिलं.

संघपाल गर्दीतून वाट काढत होता, पण गुडघा साथ देत नव्हता. त्याच्या आधी मुक्ताबाई बोलल्या.

"थांब गं सोनम. पिऊ नगं. माझ्या देव्हाऱ्यात एक कागद हुता." त्यांनी कमरेच्या पिशवीतून लिफाफा काढला, फोडला आणि नातीपुढं धरला. "तू शिकलेली हाईस. वाच मोठ्यानं."

सोनमनं एका हातात फुलपात्र आणि दुसऱ्या हातात कागद धरून वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, म्हणून मागचे लोक पुढं सरकले.

"'मंगळवार, सकाळी साडेअकरा. मी आज एका घरातल्या संडासात रंगाची पूड ओतत आहे. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ यांच्या दरम्यान ओढ्याकाठच्या पाण्याचा रंग पोपटी हिरवा होईल. तसं झालं नाही, तर माझं चुकलं असं समजावं. झालं, तर ते पाणी त्या संडासाच्या शोषखड्ड्यातून येतं असं समजावं. रंगाने अपाय होत नाही. पाण्याने होतो. ते घर…'" ती थांबली. मग तिनं उरलेलं वाचलं. "'ते घर मुक्ताबाईंचं आहे. संघपाल.'"

सोनमनं फुलपात्र खाली ठेवलं. फार सावकाश ठेवलं, सांडू नये म्हणून. मानसिंगनं डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

"लीला हाय," गोकुळ महाराज म्हणाले. "देवी कुणाच्याबी हातानं…"

"महाराज," मुक्ताबाईंनी विचारलं, "हिरवं व्हणार हे तुमाला आधी कळलं हुतं का?"

"देवीच्या मनातलं कुणाला कळतं, मावशे?"

"मग ह्याला कसं कळलं? ह्याच्या घरात तर देवच न्हायत. तुमीच म्हनला."

महाराजांनी मोरपिसांचा कुंचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला पहिल्यांदा विश्रांती मिळाली.

"मानसिंग, आधी गाडी काढ," संघपाल म्हणाला. "बाकीचं मागनं. अंजली दवाखान्याच्या दारात उभी असंल." जीप धुरळा उडवत गेली, तेव्हा कुठं त्यानं मांडवाच्या खांबाला पाठ टेकवली. बोलायचा त्याला मनापासून कंटाळा आला होता. पण गर्दी गेली नव्हती, आणि अशी गर्दी पुन्हा ऐकायला उभी राहत नाही.

"कालव्याला पाणी कधी सुटलं?" त्यानं विचारलं.

"मागल्या आठवड्यात, गुरुवारी पहाटं पाचला," दहा जणांनी एकदम सांगितलं.

"आन मार्चचं?"

"अठरा तारखंला. दुपारी."

"बंद कधी झालं?"

"सात एप्रिल."

"आता देवी कधी आली, कधी माहेरला गेली, कधी परत आली, त्या तारखा मोजा."

लोक बोटांवर मोजू लागले. मोजता मोजता एकेकाची मान खाली गेली. ज्यांना पाळीचा मिनिटामिनिटाचा हिशेब पाठ होता, त्यांनीच तो तक्ता आणि हा झरा कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

मग त्यानं समजावून सांगितलं, जसं एकतीस वर्षं प्रत्येक वाडीत सांगत आला होता. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून ठेकेदारानं वसाहतीचे शोषखड्डे मुरमापर्यंत खाली नेले. मुरमात पाणी एका रात्रीत गडप झालं, लोक खूश झाले. पण गडप झालेलं पाणी कुठंतरी जातंच. कालवा सुटला की ऊस भिजतो, जमीन पोटातून भरते, आणि मुरमातलं सगळं पाणी, खड्ड्यातल्या घाणीसकट, उताराला ओढ्याकाठी डोकं वर काढतं. बुडबुडे घाण कुजल्याचे. दुधाचा फेस कपड्याच्या साबणाचा. हिरवं गवत कशानं पोसलं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

"ह्यांना कालव्याच्या तारखा ठाऊक हुत्या," त्यानं महाराजांच्या खुर्चीकडे हात केला. "तेवढाच दृष्टांत."

खुर्ची रिकामी होती. शाल मात्र घाईत मागं राहिली होती.

त्या आठवड्यात खारवाडीत कावीळ झालेली तेवीस माणसं निघाली. सोनम बारा दिवस दवाखान्यात होती, त्यातले पाच दिवस कुणाशी न बोलता, डोळे न उघडता. संघपाल रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा. एकदा त्यानं अंजलीला विचारलं, सोमवारीच हट्टानं उचलून आणली असती तर? अंजली म्हणाली, "बाबा, दुखणं मार्च-एप्रिलमध्येच अंगात शिरलेलं. आणि कुणाला असं उचलून आणता येत नाही." त्याचं समाधान झालं नाही. नवव्या दिवशी मुलगी झाली, पावणेदोन किलोची, आणि काचेच्या पेटीत का होईना, रडली.

दोघी जगल्या. भेटायला आलेली एक नातेवाईक बाई हात जोडून म्हणाली, "देवीचीच कृपा हो, न्हायतर काय हुतं?" संघपालनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. वाद घालायची ताकद उरली नव्हती. मुक्ताबाईंनी मात्र पेटीतल्या पणतीवरची नजर न काढता उत्तर दिलं.

"देवीला माज्या दोन हातांचा नमस्कार हाय. पर जे घडून गेल्यावर सांगत्यात, त्यांचं म्या लई ऐकलं. आता घडायच्या आधी कागदावर लिवून देईल, त्याचं ऐकीन."

पावसाळ्याआधी खारवाडीत पुन्हा खड्डे खणले गेले. या वेळी वसाहतीच्या वरच्या, माळाच्या अंगाला. मुक्ताबाई काठी टेकत आल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं घागर ओतली आणि अर्ध्या तासात पाणी किती बोटं उतरलं ते पट्टीवर पाहिलं. लगेच गडप झालं नाही, तसंच साचूनही राहिलं नाही. "हे बरं का?" त्यांनी विचारलं. "हे बरं," संघपाल म्हणाला. घराघराचे खड्डे बुजवून बंद टाक्या करायच्या आणि त्यांचं पाणी नळानं या माळावर आणून जिरवायचं, असं ठरलं. ओढ्याकाठची ओली जमीन पाणकणसाला सोडून द्यायची.

अहवालाच्या शेवटी 'योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच लिहायला जागा असते. भक्तनिवासाच्या जागेपुढं त्यानं 'अयोग्य' लिहिलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच खाली चार ओळी जास्त लिहिल्या. 'गावकऱ्यांना विनंती. जे पाणी कपाळाला लावायचं, ते कुठून आलं हे आधी विचारावं. विचारल्यानं देव रागवत नाही. रागावलाच, तर तो देव नसून कुणाचा तरी धंदा आहे.'

अविराजनं ते ग्रामसभेत वाचून दाखवलं. सभा संपल्यावर मुक्ताबाई संघपालपाशी आल्या. "सायेब, ह्याची एक परत मला द्या. पयल्या कागदाशेजारी देव्हाऱ्यात ठेवीन."

संघपालनं परत त्यांच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"देव्हाऱ्यात नको, मावशी. तितं ठेवलं की लोकं हात जोडत्यात आन वाचत न्हायत. भिंतीवर लावा. आवर्तनाच्या तक्त्याशेजारी."

मुक्ताबाईंनी थोडा विचार केला. मग अविराजला हाक मारून डिंकाची बाटली मागितली.